मशीनवर शून्य, रस्त्यावर थरथर

पार्श्वभूमी

गाडी म्हणजे पाच गिअरची पेट्रोल हॅचबॅक, पुढच्या चाकांना ताकद मिळणारी, रनिंग ६८,००० किलोमीटर. दीड वर्षापूर्वी मालकाने कंपनीच्या लोखंडी रिम काढून बाहेरचे काळे अलॉय बसवले होते. टायरचं माप १८५/६५ आर १५. गाडी खालून घासते म्हणून त्याच सुमारास पुढच्या स्प्रिंगांवर गाडी उंच करणारे २५ मिलिमीटरचे स्पेसरही टाकले होते. निदानाच्या दृष्टीने याच दोन गोष्टी सगळ्यात महत्त्वाच्या होत्या, आणि पहिल्या दिवशी नेमक्या त्याच कुणी विचारल्या नाहीत.

तक्रार दोन शब्दांची होती: गाडी हलते. गाडी या गॅरेजमध्ये येण्याआधी तीनदा बॅलन्सिंग (चाकाच्या वजनाचा समतोल), दोनदा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) आणि पुढच्या ब्रेकच्या दोन्ही डिस्क-पॅड नवे, एवढं होऊन गेलं होतं. अलाइनमेंटने थरथर जाईल हा समज फार जुना आहे. कोन चुकले की गाडी एका बाजूला ओढते, टायर कडेने खाल्ला जातो. पण कोन चुकल्यामुळे ठरावीक वेगालाच स्टेअरिंग थरथरलं, असं सहसा होत नाही.

मालकाने सांगितलेलं एक वाक्य मात्र जॉबकार्डवर शब्दशः उतरवलं गेलं, आणि पुढे तेच कामी आलं: "दर वेळी चाकं काढली की फरक पडतो. कधी कमी होतं, एकदा तर वाढलं."

पहिली ट्रायल

ट्रायल घेण्याआधी हवा सारखी केली, टायरला कुठे फुगा आहे का ते आतल्या बाजूनेही हात फिरवून पाहिलं आणि चाकांचे नट तपासले. थरथरणारी गाडी वेगात पळवण्याआधी एवढं बघावंच लागतं, कारण नट ढिले असणं हेही थरथरीचं एक कारण आहे आणि त्यात चाक निखळू शकतं. गाडीच्या पुस्तकात टॉर्क, म्हणजे नट किती जोराने आवळायचा ते माप, १०० न्यूटन-मीटर दिला होता. पुढच्या डाव्या चाकाचे दोन नट ७० च्या आतच फिरले, एक १४० लाही हलला नाही. चारही नट १०० वर आणून ही नोंद ठेवली. नट कुणीतरी इम्पॅक्ट गनने एकामागून एक ठोकले होते, एवढं यातून कळलं. त्याचा अर्थ लागायला पुढे तीन आठवडे गेले.

टायर गरम व्हावेत म्हणून आधी १५ किलोमीटर गाडी साधी चालवली. उभ्या गाडीचा टायर जमिनीला टेकतो तिथे थोडा चपटा होतो आणि पहिले काही किलोमीटर उगाचच थरथर देतो. ती जाऊ द्यावी. मग सरळ, मोकळ्या रस्त्यावर नोंदी घेतल्या. ८५ ते १०० च्या दरम्यान स्टेअरिंग डावी-उजवीकडे बारीक मारत होतं, ११० ला जवळजवळ शांत. ९० ला क्लच दाबून गाडी नुसती वाहू दिली तरी फरक नाही. ब्रेक हलका लावला तरी वाढ नाही. गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये इंजिन मिनिटाला २७०० फेऱ्यांवर नेलं, म्हणजे पाचव्या गिअरमध्ये ९० ला ते जेवढं फिरतं तेवढं, तर काहीच नाही.

क्लच दाबूनही थरथर राहिली म्हणजे इंजिन आणि त्याची माउंटिंग (इंजिन धरणारे रबरी आधार) संशयातून बाहेर. ब्रेकने वाढली नाही म्हणजे डिस्क बाहेर. उरतं ते गाडीच्या वेगाबरोबर फिरणारं: टायर, रिम, हब (ज्यावर चाक बसतं तो भाग), शाफ्ट (इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा).

फोनमधल्या कंपन मोजणाऱ्या अ‍ॅपने याला दुजोरा दिला. फोन स्टेअरिंग कॉलमच्या कव्हरला घट्ट बांधला होता आणि आकडे शेजारी बसलेला माणूस वाचत होता. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नसतं. या मापाचा टायर एका फेरीत साधारण १.९ मीटर जातो. ९० चा वेग म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे चाकाच्या सेकंदाला सुमारे १३ फेऱ्या. आलेखात शिखर बरोबर १३ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १३ कंपनांवर होतं. चाकाच्या एका फेरीत एक धक्का. बहुतेक गाड्यांची चाकं आणि त्यांची जोडणी स्वतःहून डोलायला तयार असतात तीही याच पट्ट्यात, १० ते १५ हर्ट्झमध्ये. म्हणून दोष सगळ्या वेगांना असला तरी जाणवतो तो ८५ ते १०० मध्येच, आणि पुढे गेल्यावर "आपोआप" जातो. हे अ‍ॅप सेकंदाला १०० नोंदी घेत होतं, त्यामुळे ५० हर्ट्झच्या वरचं त्यात दिसण्यासारखं नव्हतं. चाकासाठी तेवढं पुरतं.

कार्डाच्या समासात आणखी एक ओळ होती: "४० ते ६० मध्ये पिकअप देताना बॉडी डावी-उजवीकडे हलकी हलते." तिच्याकडे कुणी पुन्हा पाहिलं नाही.

समोरचे पर्याय आणि पहिला निर्णय

चाकाच्या एका फेरीत एक धक्का देणाऱ्या गोष्टी मोजक्याच: वजनाचा असमतोल, गोल नसलेला टायर किंवा रिम, वाकलेला हब, हबवर मधोमध न बसलेलं चाक. बॅलन्सिंग तीनदा झालेलं, तरी चारही चाकं पुन्हा मशीनवर चढवली. जास्तीत जास्त चूक ५ ग्रॅमची निघाली. एवढ्याने स्टेअरिंग मारत नाही. मशीनवरच डायल गेज (मिलिमीटरचे अंश दाखवणारं काट्याचं माप) लावून टायरची गोलाई पाहिली, चारही चाकं ०.६ मिलिमीटरच्या आत. टायरला एक-सव्वा मिलिमीटरपर्यंत चालून जातं, म्हणजे हेही ठीक.

मग पुढची चाकं मागे आणि मागची पुढे केली. फुकटातली आणि उत्तम चाचणी. स्टेअरिंग शांत झालं आणि तीच थरथर आता सीटखालून, पाठीमागून यायला लागली. दोष चाकांबरोबर फिरतोय, हब आणि शाफ्टमध्ये नाही, हे सिद्ध झालं.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. पुढचं पाऊल घसरलं. मशीनवर वजन बरोबर, गोलाई बरोबर, तरी दोष चाकातच. म्हणजे टायरच्या आतल्या थरांत कुठेतरी कडक-मऊ असणार, असा अंदाज बांधला गेला. अंदाज अगदीच हवेतला नव्हता. टायरचा एखादा भाग जास्त कडक असेल तर तो भाराखाली गोल चालत नाही, आणि साध्या बॅलन्सिंग मशीनवर चाक भाराशिवाय फिरतं म्हणून तो दोष तिथे दिसत नाही. मुळात पुढच्या डाव्या जागी असलेल्या रिमवर खात्रीचा दुसरा टायर चढवला, बॅलन्स केला, चाक बसवून ट्रायल मारली. थरथर गेली. टायरच खराब होता असं लिहून गाडी मालकाच्या ताब्यात दिली.

आठ दिवसांनी त्याच चाकाचं पंक्चर निघालं. पंक्चर काढून चाक बसवलं आणि त्या संध्याकाळी थरथर परत हजर.

दुसरं निदान

या वेळी कुणी काही बदललं नाही. टायर दुसरा, रिम तीच, बॅलन्सिंग ताजं. बदललं होतं ते फक्त चाक काढून पुन्हा बसवणं. मालकाचं पहिल्या दिवशीचं वाक्य आता नीट वाचलं गेलं.

गाडी जॅकवर घेऊन स्टँड लावले, मागच्या चाकांना उटी लावली, गिअर न्यूट्रल, आणि डायल गेज या वेळी मशीनवर नव्हे तर गाडीवरच बसलेल्या चाकाला लावला. टायरच्या नक्षीत काटा अडकून उड्या मारतो, म्हणून मधल्या पट्ट्यावर गोल चिकटपट्टी गुंडाळली. चाक हाताने सावकाश एक फेरी फिरवलं: १.५ मिलिमीटर. हेच चाक मशीनवर ०.५ होतं. चाक उतरवून, काही न करता, तसंच परत लावलं: ०.९. पुन्हा काढून लावलं: १.२. तीन वेळा बसवलं, तीन वेगळे आकडे. म्हणजे चाक प्रत्येक वेळी नव्या जागी बसत होतं.

कारण चाकाच्या मधल्या भोकात होतं. या गाडीच्या हबचा मधला उंचवटा ५४.१ मिलिमीटरचा. बाहेरचे अलॉय अनेक गाड्यांना चालावेत म्हणून त्यांचं भोक मोठं ठेवतात. इथे ते ७३.१ होतं. दोहोंमधली फट भरायला प्लास्टिकची रिंग येते, तिच्यामुळे चाक मधोमध बसतं. या डाव्या चाकात रिंग नव्हतीच. त्याच्या जोडीच्या उजव्या चाकातली तडकून तिचा तुकडा पडलेला. मागच्या दोघांत होती, पण काळ्या अलॉयमध्ये काळी रिंग इतकी बेमालूम बसली होती की ती वेगळी वस्तू आहे हे आधी चाकं काढताना कुणाच्या लक्षातच आलं नाही. रिंग नसलेलं भोक बघून "असंच असेल" वाटलं.

रिंग नसली तरी नटाची निमुळती टोकं चाक बऱ्यापैकी मधोमध आणू शकतात. त्यासाठी चाक अधांतरी हवं आणि नट समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळायला हवेत. गनने पहिलाच नट पूर्ण ठोकला की चाक त्या बाजूला ओढलं जातं आणि तिथेच पकडलं जातं. पहिल्या दिवशीच्या ७० आणि १४० च्या नोंदीचा अर्थ हा होता.

मशीन शून्य का दाखवत होतं तेही यातच आलं. मशीनवर चाक मधल्या भोकात शंकूच्या आकाराचा तुकडा घालून पकडतात, नटांच्या भोकांवर नाही. तिथे ते नेहमी मधोमधच असतं. गाडीवर ते अर्धा मिलिमीटर सरकतं. अर्धा मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतं, पण टायरसकट चाकाचं वजन १६ किलो. १६,००० ग्रॅम गुणिले ०.५ मिलिमीटर, भागिले रिमच्या कडेची त्रिज्या १९० मिलिमीटर: उत्तर ४२ ग्रॅम. रिमच्या कडेला ४२ ग्रॅमचं वजन उगाच चिकटवावं, तसा हा प्रकार. शिवाय चाकाची गोलाई बिघडते ती वेगळीच.

काय केलं

बॅलन्सिंग चाक गाडीवरच फिरवून करून घेता येईल, असा एक पर्याय निघाला होता. तो बाजूला ठेवला, कारण पुढच्या पंक्चरला सगळं पुन्हा बिघडलं असतं. दुसरा पर्याय म्हणजे जुन्या लोखंडी रिम परत बसवणं. त्यांचं भोक हबच्या मापाचंच असतं. मालकाला अलॉयच हवे होते. म्हणून ७३.१/५४.१ मापाच्या चार रिंग घेतल्या, या वेळी अ‍ॅल्युमिनियमच्या. पुढे ब्रेकची उष्णता जास्त असते आणि प्लास्टिक तिथेच तडकलं होतं.

हबच्या तोंडावरचा आणि उंचवट्याच्या कडेचा गंज तारेच्या ब्रशने काढून धातू स्वच्छ केला, उंचवट्याला अगदी पातळ ग्रीस लावलं. अ‍ॅल्युमिनियम गंजलेल्या हबवर चिकटून बसतं, मग चाक काढताना लाथा माराव्या लागतात. हे ग्रीस नटांच्या आट्यांवर जाऊ द्यायचं नाही. आटे ओले असले की तोच टॉर्क बोल्टला प्रमाणाबाहेर ताणतो. चाक अधांतरी ठेवून नट हाताने पूर्ण लावले, मग आडवे-उभे ३० वर, ६० वर आणि गाडी खाली टेकवून १०० वर. डायल गेज: ०.६. काढून परत लावलं: ०.६. तिसऱ्यांदा: ०.५. उतरवलेला पहिला टायरही याच रिमवर परत चढवून पाहिला. तो निर्दोष निघाला.

९० ला स्टेअरिंग शांत. १३ हर्ट्झचं शिखर आधीच्या एक चतुर्थांशावर आलं.

तरीही हलते

चार दिवसांनी मालकाचा फोन: स्टेअरिंग छान आहे, पण गाडी अजून हलते. समासातली ती ओळ आता पुढे आली. मोठी थरथर गेल्यामुळे मागे दडलेली दुसरी उघडी पडली होती.

पिकअप देतानाच, ४० ते ६० मध्ये, चढावर जास्त. पाय उचलला की त्याच क्षणी बंद. संशयित तीन: इंजिन मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं), माउंटिंग, ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट. स्कॅनरवर चारही सिलिंडरचं मिसफायर शून्य. हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय ठेवून पहिल्या आणि रिव्हर्स गिअरमध्ये क्लच हलकेच सोडला. इंजिन नेहमीएवढंच डोललं, आपटलं नाही. मग नेमकी चाचणी: ५० ला तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिला आणि ५० लाच चौथ्यात. इंजिनच्या फेऱ्या २५०० वरून १८५० च्या आसपास आल्या. दोष इंजिनचा असता तर कंपनाचा आकडाही खाली आला असता. शिखर दोन्ही वेळी २२ हर्ट्झवरच राहिलं.

५० ला चाक सेकंदाला ७.३ फेऱ्या मारतं. त्याची तिप्पट २२. आतल्या जॉइंटमध्ये तीन रोलर तीन खाचांतून पुढेमागे सरकत असतात. शाफ्ट तिरका असेल आणि खाचा झिजल्या असतील, तर भार आल्यावर हे रोलर सहज सरकत नाहीत, अडकतात. प्रत्येक फेरीत तीन धक्के बसतात आणि ते गाडीला आडवं हलवतात. बाहेरच्या जॉइंटचं लक्षण वेगळं असतं. तो स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर कट-कट वाजतो. इथे तो आवाज नव्हता.

शाफ्ट तिरका का, याचं उत्तर २५ मिलिमीटरचे स्पेसर. खात्रीसाठी एक स्वस्त प्रयोग केला. पुढच्या शेजारच्या सीटवर आणि पायापाशी मिळून सव्वाशे किलो वजन ठेवलं, गाडी पुढून थोडी बसली, शाफ्टचा कोन कमी झाला. त्याच चढावर थरथर निम्मी झाली. पूर्ण गेली नाही, म्हणजे झीजही होती.

दोन्ही शाफ्ट काढून आतले बूट (जॉइंटवरची रबरी आवरणं) उघडले. डावीकडे ग्रीस भरपूर आणि खाचा गुळगुळीत. उजवीकडे बुटाची लहान क्लॅम्प ढिली, ग्रीस बाहेर फेकलं गेलेलं, उरलेलं पातळ आणि काळं. ते पुसल्यावर तिन्ही खाचांत चकाकणारे खोलगट पट्टे दिसले, नख फिरवलं की अडकत होतं. अशा वेळी नुसते रोलर बदलून भागत नाही, नवा रोलर जुन्या खड्ड्यातच चालतो.

मालकाला स्पेसर ठेवायचे होते. झिजलेली वाटी (जॉइंटचा खाचा असलेला भाग) हातात दिल्यावर त्याने स्वतःच ते काढायला सांगितलं. उजवीकडे वाटीसकट पूर्ण आतला जॉइंट, दोन्हीकडे नवे बूट आणि क्लॅम्प, ग्रीस किटमध्ये आलेलं तेवढंच आणि तेच, शाफ्टच्या टोकाचे नट नवे. साधं चॅसिस ग्रीस इथे चालत नाही. स्पेसर काढल्यामुळे पुढची उंची बदलली, म्हणून शेवटी अलाइनमेंट केली. या सगळ्या प्रकरणात तिची खरी गरज पडली ती एवढ्याच वेळी.

परिणाम

दोन्ही तक्रारी गेल्या. १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासले, सगळे १०० वर. २,००० किलोमीटरला चाकांची अदलाबदल झाली, तरी थरथर आली नाही. त्याआधी प्रत्येक वेळी चाकं काढली की काहीतरी बदलत होतं, म्हणून खरी परीक्षा हीच होती. गाडी खालून पूर्वीसारखी अधूनमधून घासते. मालकाला ते आधी सांगितलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं म्हणजे डायल गेज पहिल्याच दिवशी गाडीवर लावायला हवा होता. वीस मिनिटांचं काम. मशीनवरचा आकडा आणि गाडीवरचा आकडा जुळत नाही, एवढं दिसलं असतं तर टायरचा संशय आलाच नसता.

दुसरी चूक जास्त बारीक आहे. टायर बदलून थरथर गेली तेव्हा एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या: टायर आणि चाकाची बसलेली जागा. जुना टायर परत लावून थरथर परत येते का हे बघितलं असतं तर प्रकरण तिथेच फुटलं असतं. दोष घालवता आला आणि परत आणताही आला, तरच कारण सापडलं असं म्हणावं. गॅरेजच्या गर्दीत हे परत आणून बघणं कुणी करत नाही, हेही खरं.

तिसरं, "गाडी हलते" ही एक तक्रार म्हणून लिहिली गेली. कोणत्या वेगाला, जोर देताना की पाय उचलून, स्टेअरिंगमध्ये की सीटमध्ये, असे तीन रकाने केले असते तर समासातली ओळ दुसरी तक्रार म्हणून वर आली असती. बाहेरचं काय काय बसवलंय हा प्रश्नही त्याच कागदावर हवा होता.

राहिल्या आधी बदललेल्या डिस्क. जुन्या दोन्ही मालकाच्या डिकीतच पडून होत्या. मायक्रोमीटरने आठ-आठ ठिकाणी जाडी मोजली, फरक ०.००८ मिलिमीटरच्या वर गेला नाही, आणि जाडी किमान मर्यादेच्या बरीच वर. तेल पुसून, कागदात गुंडाळून त्या परत डिकीत ठेवल्या. नव्या झिजल्या की बसवता येतील.